शब्द बरोबर, पण जागा राखीव



संगणकाचे शिक्षण घेणारी, किंवा छोट्यामोठ्या कार्यालयांत संगणकावर नोंदी ठेवणारी आपली मुले-मुली भेटली की एक तक्रार हमखास कानी येते. "सगळे पुस्तकात दिल्याप्रमाणे लिहिले, स्पेलिंग दहा वेळा तपासले, तरी एरर येते." ही एरर इंग्रजीत असते आणि तिचे पहिलेच वाक्य असे असते की, तुमच्या वाक्यरचनेत चूक आहे, माहितीपुस्तिका पाहा. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र कधी आले नाही त्या घरातल्या मुलाला हे वाक्य वाचून काय वाटत असेल? त्याला वाटते, आपले इंग्रजीच कच्चे, हे काम आपले नव्हे. दोनचार वेळा असे झाले की तो डेटाबेसचा नाद सोडतो आणि नुसत्या टायपिंगवर समाधान मानतो. टायपिंग करणाऱ्याचा पगार आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याचा पगार यांत किती अंतर असते, हे कार्यालयात काम करणाऱ्या कोणालाही विचारावे.

पुष्कळदा या एररचा इंग्रजी कच्चे असण्याशी काडीचाही संबंध नसतो. झालेले असते ते एवढेच की, मुलाने तक्त्याला किंवा रकान्याला जे नाव दिले, ते त्या भाषेने आधीच स्वतःच्या कामासाठी ठेवून घेतलेले असते. अशा शब्दांना 'रिझर्व्हड् वर्ड' म्हणजे राखीव शब्द म्हणतात. राखीव म्हटले की आपल्याकडे लगेच कोणाच्या तरी भुवया वर जातात, पण इथला प्रकार रेल्वेच्या डब्यासारखा साधा आहे. बाक शाबूत आहे, तुमचे तिकीटही खरे आहे, पण त्या क्रमांकाची जागा दुसऱ्याच्या नावावर आहे. भांडण्यात अर्थ नाही, शेजारच्या बाकावर बसायचे.

(या लेखात संगणकाचे शब्द उच्चाराप्रमाणे मराठी अक्षरांत दिले आहेत. यंत्रावर ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.)

डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात आणि त्या प्रश्नाला क्वेरी. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात कशी ठेवावी याचा सिद्धांत मांडला. त्यावरून त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ही भाषा तयार केली. त्यांचा हेतू चांगला होता. जो प्रोग्रॅमर नाही त्यालाही साध्या इंग्रजी वाक्यासारखे लिहून माहिती काढता यावी. म्हणून 'सिलेक्ट' म्हणजे निवड, 'फ्रॉम' म्हणजे अमुक तक्त्यातून, 'व्हेअर' म्हणजे अट, 'ऑर्डर बाय' म्हणजे क्रम लाव, 'ग्रुप बाय' म्हणजे गट पाड, असे रोजचे शब्द त्यांनी व्याकरणासाठी घेतले. भाषा सोपी झाली खरी, पण रोजचे शब्दच व्याकरणात गेल्यामुळे ते नावासाठी उरले नाहीत.

आमच्यासारख्या कारकुनाला हे समजायला वेळ लागत नाही. नोंदवहीत वरच्या ओळीतलीच माहिती पुन्हा असेल तर आपण 'वरीलप्रमाणे' लिहितो. आता समजा, एखाद्या हौशी बापाने मुलाचेच नाव 'वरीलप्रमाणे' ठेवले. शब्द शुद्ध आहे, अक्षर सुंदर आहे, पण हजेरीपटावर ते नाव वाचणारा प्रत्येक जण वरच्या मुलाचेच नाव पुन्हा वाचणार. संगणकाचे तसेच होते. रकान्याचे नाव 'ऑर्डर' असले की त्याला वाटते, आता क्रम लावायला सांगत आहेत, पुढे 'बाय' येईल. 'बाय' येत नाही, आणि तो अडतो.

आपल्या नेहमीच्या नोंदवह्यांतच असे शब्द किती भरले आहेत पाहा. रक्तदान शिबिराच्या यादीत रक्तगटासाठी 'ग्रुप' लिहिले की अडले. रजेच्या नोंदीत 'फ्रॉम' आणि 'टू', म्हणजे पासून आणि पर्यंत, दोन्ही राखीव. शाळा सोडलेल्या मुलांसाठी 'लेफ्ट', कोर्टकचेरीच्या नोंदीत 'केस', वस्तूच्या वर्णनासाठी आखूड करून 'डेस्क' (डिस्क्रिप्शनची पहिली चार अक्षरे), वाचनालयाच्या यादीत 'इंडेक्स', आणि धनादेशाचे स्पेलिंग चुकवून लिहिलेले 'चेक' हेही तसेच. हे शब्द कोणालाही सहज सुचणारे आहेत, आणि म्हणूनच भाषा करणाऱ्यांनाही सुचले.

यात आणखी एक गुंता आहे. एसक्यूएलला १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण भाषा म्हणून मान्यता मिळाली, तरी प्रत्येक कंपनीची राखीव शब्दांची यादी वेगळी राहिली. 'डेट' हा शब्द ओरॅकलमध्ये राखीव आहे, मायएसक्यूएलमध्ये मात्र रकान्याला देता येतो. 'इंडेक्स' मायएसक्यूएलमध्ये अडतो, पोस्टग्रेसमध्ये चालतो. म्हणून क्लासमध्ये चाललेली क्वेरी नोकरीच्या ठिकाणी चालली नाही तर लगेच क्लासला किंवा स्वतःला दोष देऊ नये. यंत्रावर कोणता डेटाबेस आहे ते आधी विचारावे.

आणि या याद्या वाढतही असतात, हे त्याहून महत्त्वाचे. मायएसक्यूएलची आठवी आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये वापरासाठी खुली झाली. तिच्यात गुणानुक्रम आपोआप काढण्याची सोय आली आणि त्यासाठी 'रँक' हा शब्द राखीव झाला. त्याच आवृत्तीत 'ग्रुप्स', 'सिस्टीम', 'विंडो', 'ओव्हर', 'लीड' हेही राखीव झाले. आधीच्या ५.७ आवृत्तीचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, त्यामुळे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना नव्या आवृत्तीवर नेले. वर्षानुवर्षे चाललेले प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले ते असे.

आमच्या ओळखीतील एक मुलगी एका खाजगी शिकवणी वर्गाच्या कार्यालयात काम करते. वडील माथाडी कामगार, ती स्वतः बी.कॉम. झालेली. मुलांचे गुण भरायचे आणि दर महिन्याला गुणवत्ता यादी काढायची हे तिचे काम. एका सोमवारी यादी उघडेचना. मालक म्हणाले, "शनिवारपर्यंत चालत होते, म्हणजे तूच कशाला तरी हात लावलास. दुरुस्तीचा खर्च तुझ्या पगारातून." बिचारीने क्वेरी शंभर वेळा वाचली. क्वेरी अगदी लहान होती: सिलेक्ट रोल_नो, नेम, रँक फ्रॉम रिझल्ट्स ऑर्डर बाय रँक. एरर सांगत होती की चूक 'फ्रॉम रिझल्ट्स' जवळ आहे. म्हणून ती 'रिझल्ट्स' तक्त्याचे नाव, त्याचे स्पेलिंग, तो जागेवर आहे की नाही, हेच तपासत राहिली. तक्ता जागेवरच होता.

तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने सुचवले की, शब्दाला अवतरणचिन्ह लाव. तिने 'रँक' असे एकेरी अवतरणात टाकले आणि काय आश्चर्य, एरर गेली! यादी उघडली. पण प्रत्येक मुलापुढे क्रमांकाच्या जागी 'रँक' हा शब्दच छापला गेला आणि क्रमही लागला नाही. कारण एकेरी अवतरणात टाकलेला शब्द संगणक रकान्याचे नाव मानत नाही, नुसता मजकूर मानतो. शब्द जसाच्या तसा परत देतो.

रविवारी ती वडिलांसोबत घरी आली. वहीत एरर जशीच्या तशी उतरवून आणली होती, हे तिचे शहाणपण. म्हणाली, "काका, माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून मला ती एरर कळत नाही का?" म्हटले, "बाळा, ही एरर इंग्रजीच्या प्राध्यापकालाही कळायची नाही. आधी मला सांग, शनिवार-रविवारात सर्व्हरवाल्यांचे काही पत्र आले होते का?" मोबाईलवर शोधले, तर आवृत्ती बदलल्याची सूचना आलेली होती. इंग्रजीत होती, म्हणून कार्यालयात कोणी उघडलीच नव्हती. 'रँक' शब्दाला दोन्ही ठिकाणी योग्य चिन्ह लावले आणि यादी पूर्वीसारखी निघाली. ती सूचना छापून तिने मालकांच्या टेबलावर ठेवली. पगार कापला गेला नाही. माफी मागितली का, ते विचारू नका.

आता ही 'जवळ'ची भानगड नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. मायएसक्यूएलच्या या एररचा क्रमांक १०६४. तिच्यात 'निअर' म्हणजे जवळ हा शब्द येतो आणि त्यापुढे अवतरणात क्वेरीचा एक तुकडा येतो. तो तुकडा म्हणजे वाचता वाचता संगणक जिथे अडला तिथून पुढचा मजकूर. म्हणून संशयित दोनच: त्या तुकड्यातला पहिला शब्द, किंवा त्याच्या अगदी आधीचा शब्द. 'ग्रुप' असेल तर तुकडा बहुधा 'ग्रुप'पासूनच सुरू होतो. 'रँक'चे तसे नाही. 'रँक' पाहून संगणकाला वाटले की गुणानुक्रम काढण्याची सोय वापरत आहेत, आता कंस येईल. कंसाऐवजी 'फ्रॉम' आला आणि तिथे तो अडला. म्हणून बोट 'फ्रॉम'कडे, पण गुन्हेगार त्याच्या एक पाऊल मागे.

सगळ्या डेटाबेसांचे बोलणे सारखे नसते. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सरळ सांगतो की अमुक 'कीवर्ड'जवळ चूक आहे. कीवर्ड हा शब्द दिसला की अर्धे काम झाले. पोस्टग्रेस अडलेला शब्द सांगतो आणि ओळीखाली त्या जागी टोपीसारखी खूण करतो. ओरॅकलमध्ये तक्त्याला 'ऑर्डर' नाव वापरले तर 'तक्त्याचे नाव अवैध' अशा अर्थाची ओआरए-००९०३ ही एरर येते. अॅक्सेस मात्र फारच मुखदुर्बळ. 'इन्सर्ट वाक्यात चूक आहे' एवढेच म्हणतो आणि गप्प बसतो. तिथे 'पासवर्ड' नावाच्या रकान्याने कित्येकांना रडवले आहे.

एरर लांबलचक क्वेरीत असेल तर तेरीज जुळत नसताना आपण करतो तसेच करावे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी खतावणी नव्याने लिहीत नाही. अर्धी पाने बाजूला ठेवून उरलेली तपासतो. तसेच अर्धे रकाने क्वेरीतून काढावेत आणि चालवावी. चालली तर खोट काढलेल्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे अर्धे. चार-पाच फेऱ्यांत एकच रकाना हाती उरतो. मात्र ही काटछाट 'सिलेक्ट'च्या क्वेरीवरच करावी. 'डिलीट' किंवा 'अपडेट'मध्ये काटछाट केली आणि अटच निघून गेली, तर सगळा तक्ता पुसला किंवा बदलला जाईल.

प्रत्येक १०६४ राखीव शब्दामुळेच येते असेही समजू नका. स्वल्पविराम राहिला, कंस मिटला नाही, किंवा मोबाईलवरून आलेली क्वेरी चिकटवताना सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झाली, तरी ही येऊ शकते. आणि क्रमांक १०५४ असेल तर तो मामला वेगळाच. तिथे संगणकाला वाक्य कळलेले असते, फक्त त्या नावाचा रकाना सापडलेला नसतो. तिथे स्पेलिंग तपासावे.

आतापर्यंत सांगितले ते ओरडणाऱ्या चुकांचे. न ओरडणाऱ्या अधिक घातक. पोस्टग्रेसमध्ये 'युजर' हा राखीव शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'आत्ता डेटाबेसमध्ये कोण शिरले आहे'. एखाद्या तयार साधनाने 'युजर' नावाचा रकाना करून ठेवला असेल आणि तुम्ही साधेपणाने 'सिलेक्ट युजर फ्रॉम मेंबर्स' लिहिले, तर एरर येत नाही. शंभर सभासद असतील तर शंभर ओळी येतात आणि प्रत्येकीवर एकच नाव असते, तुम्ही ज्या नावाने लॉगिन केले ते. अॅक्सेसच्या अहवालात 'नेम' रकान्याची अशीच गंमत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी त्या अहवालाचे स्वतःचे नाव छापून येऊ शकते. शे-दोनशे प्रमाणपत्रे छापल्यावर हे लक्षात आले तर कागदाचा खर्च कोणाच्या माथी मारतील, ते सांगायला नको. म्हणून एरर आली नाही एवढ्यावर न थांबता पहिल्या दहा ओळी डोळ्यांनी वाचाव्यात.

आपल्याकडचा एक खास सापळाही सांगतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा तक्ता करताना जातीसाठी इंग्रजी शब्द लिहायचा असतो 'कास्ट'. त्याच्या शेवटी ई हे अक्षर आहे. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून कार्यालयाच्या फलकापर्यंत ते ई गाळून लिहिण्याची पद्धतच पडली आहे. ई गाळलेला 'कास्ट' हा पोस्टग्रेसमध्ये राखीव शब्द आहे. त्याचा अर्थ एका प्रकारची माहिती दुसऱ्या प्रकारात बदल, जसे अक्षरांत लिहिलेला आकडा खऱ्या आकड्यात. तक्ता करतानाच एरर येते. ई लिहिले की तोच रकाना बिनतक्रार तयार होतो. मायएसक्यूएलवर मात्र ई गाळले तरी चालून जाते, आणि म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते.

आता उपाय. चालू प्रोग्रॅम तातडीने सुरू करायचा असेल तर त्या शब्दाला नावाची खूण लावावी. मायएसक्यूएलमध्ये `रँक` असे बॅकटिक लावतात. ही कळ बहुतेक कीबोर्डवर डावीकडे वर, आकडा १ च्या शेजारी, टॅबच्या वर असते. एकेरी अवतरणाची ही कळ नव्हे, नीट पाहावे. एसक्यूएल सर्व्हर आणि अॅक्सेसमध्ये [ऑर्डर] असा चौकटी कंस. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये "ऑर्डर" असे दुहेरी अवतरण. पण या दोघांत दुहेरी अवतरण लावले की लहान-मोठी लिपीही तंतोतंत जुळावी लागते, हे ध्यानात ठेवा. मायएसक्यूएलमध्ये रकान्याआधी तक्त्याचे नाव आणि टिंब लिहिले, म्हणजे रिझल्ट्स.रँक असे, तरी काम भागते. टिंबानंतर नावच येणार हे त्याला ठाऊक असते.

नवीन तक्ता करत असाल तर खुणांच्या भानगडीत पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक माणूस खूण लावतो, त्याची बदली झाली की दुसरा विसरतो. नावच दोन शब्दांचे ठेवावे: ब्लड_ग्रुप, फ्रॉम_डेट, टू_डेट, केस_नो, मेरिट_रँक. अथवा इंग्रजी अक्षरांत आपले मराठी नाव द्यावे: रक्तगट, पासून, पर्यंत, गुणक्रमांक. काही शिकलेली मंडळी याला हसतात. हसू द्यात. 'रक्तगट' हा शब्द कोणतीही कंपनी कधी राखीव करणार नाही. फक्त 'तो' हा शब्द इंग्रजी अक्षरांत एकटा लिहू नका, तो 'टू' होतो आणि राखीव निघतो.

जुन्या तक्त्यातले नाव बदलण्याची घाई मात्र करू नये. त्या रकान्यावर कोणकोणते फॉर्म, अहवाल, दुसऱ्याचे प्रोग्रॅम अवलंबून आहेत ते आधी विचारावे, साहेबांची लेखी परवानगी घ्यावी आणि तक्त्याची प्रत काढून ठेवावी.

शब्द राखीव आहे की नाही, याची यादी डेटाबेसजवळच असते. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१३ पासून इन्फर्मेशन_स्कीमा.कीवर्ड्स या तक्त्यात प्रत्येक शब्द आणि त्यापुढे १ किंवा ० असते. १ म्हणजे राखीव. पोस्टग्रेसमध्ये तेच काम पीजी_गेट_कीवर्ड्स() करते. आपण कोणत्या आवृत्तीवर आहोत हे पाहायला 'सिलेक्ट व्हर्जन()' ही क्वेरी या दोन्हींत चालते. मदतीसाठी कोणाकडे जाताना एररचा क्रमांक, 'निअर'नंतरचा तुकडा आणि हा आवृत्तीचा आकडा, तिन्ही वहीत उतरवून न्यावेत.

तक्त्याची प्रत म्हणजे बॅकअप कसा काढतात आणि तो घरी नेणे का योग्य नाही, ते पुढील अंकी.